तांबट आळी, एक लेन्स, बारा प्रिंट: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

जागा ठरली: पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची वस्ती. मुदत संक्रांतीपर्यंत, म्हणजे दिवाळीचा धंदाही मिळेल आणि थंडीतला तिरपा उजेडही. लेन्स एकच, ३५ मिमी एफ १.८. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे तिची चौकट पन्नासच्या लेन्सइतकीच दिसते. अरुंद कामशाळेत पाठ भिंतीला टेकवूनच फोटो काढावे लागणार. शेवटी आठ बाय बारा इंची बारा प्रिंट.

हे सगळं सरांमुळे. सर पूर्वी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. आम्ही सातआठ हौशी मंडळी दर चौथ्या शनिवारी त्यांच्या कर्वेनगरच्या घरी प्रिंट घेऊन जमतो. गेल्या महिन्यात मी सिंहगडावरचं धुकं, पर्वतीवरून दिसणारा सूर्यास्त आणि तुळशीबागेतल्या बांगड्या नेल्या होत्या. सरांनी तिन्ही एका बाजूला सरकवले. "चांगलेच आहेत. पण हे तिन्ही मी आधी पाहिलेत, तुमच्या आधी शंभर जणांनी काढलेले. आता एकाच जागी जा. कंटाळा येईपर्यंत जा. कंटाळा आल्यावर जे काढाल ते मला दाखवा."

गटाचे नियम इथे लिहून ठेवते, पुढे संदर्भ लागेल. प्रिंटच आणायची, मोबाईलवर दाखवलेला फोटो मोजला जात नाही, कारण त्या उजळ काचेवर कांद्याचं पोतंही देखणं दिसतं (इति सर). प्रिंट टेबलावर ठेवली की काढणाऱ्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी आधी एवढंच सांगायचं, की नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि तिथून पुढे कुठे. 'छान', 'मस्त' आणि 'फील आहे' या तीन शेऱ्यांना बंदी. माझ्या मते गप्प बसण्याचा नियम सगळ्यात मोलाचा. फोटो काढताना काय वास होता, कोण काय म्हणालं, हे सगळं आपल्या डोक्यात असतं आणि ते कागदावर उतरलंय असं आपण धरून चालतो.

सकाळी वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून कसबा पेठ. हा भुयारी टप्पा गेल्याच रविवारी सुरू झालाय, त्यामुळे डब्यात निम्मे लोक फक्त मेट्रो बघायला आलेले. आळीत शिरण्याआधीच ठोके ऐकू येतात. पेशवाईत वसलेली ही वस्ती, बहुतेक त्वष्टा कासार. हंडे, बंब, घंगाळी इथेच घडायची. आता बंब कोण तापवतं? पाण्याचे तांबे, जग, शोभेच्या पराती, हॉटेलांसाठी वाट्या असं काम जास्त.

आज कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. एका कामशाळेत काका (सत्तरीचे असावेत) आणि त्यांची दोन मुलं काम करतात, तिथे तासभर बसले. "काढा की ताई फोटो. पण आमचं काम थांबणार नाही, आणि इकडे बघा, हसा, असलं काही सांगायचं नाही." मला तेच हवं होतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

काम बंद. हातोड्या, ऐरणी, कातऱ्या ओळीने मांडून पूजा केलेली. झेंडू, आपट्याची पानं, हळदकुंकू. भरपूर फोटो काढले. रंग इतके तयार होते की बोट नुसतं बटणावर ठेवायचं. घरी येऊन पाहिल्यावर शंका आली: यातला झेंडू काढला तर मागे काय राहतं? दोन ठेवले, बाकी सोडले.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर, त्यामुळे आळीला सुट्टी नाही. पहिला खरा दिवस.

ठरवून गेले होते की हातोडी हवेत गोठवायची. त्यासाठी शटर १/५०० सेकंद. आतला उजेड म्हणजे दारातून येतो तेवढा आणि वर एक ट्यूब. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत चढवावा लागला. दाणा येणार हे माहीत होतं, पण वेगळंच संकट निघालं: सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, पुढचा मळकट, तिसऱ्यात वरची पट्टी पिवळट आणि खालची हिरवट. कॅमेरा बिघडला की काय असं वाटलं. कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० चा पडदा त्या मिणमिणण्याचा पाचवा हिस्साच पकडतो. कधी माथा, कधी पायथा. शिवाय पडद्याची फट सेन्सरवरून सरकत जाते, म्हणून एकाच फोटोत पट्टे. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर मिणमिणण्याचा अख्खा फेरा आत येतो आणि पट्टे जातात.

मग हातोडी गोठणार नाही. थोडा वेळ वैतागले, मग १/५० वर काढत राहिले. गंमत अशी की हातोडी दोन ठिकाणी आपोआपच स्पष्ट येते: वर जाऊन वळते तिथे, आणि खाली भांड्यावर टेकते तिथे. दोन्हीकडे ती क्षणभर थांबलेली असते. फराटा उमटतो तो मधल्या प्रवासाचा. म्हणजे वेगवान शटरपेक्षा ठोक्यांचा ताल ओळखणं जास्त कामाचं. काकांचा ताल तबल्याच्या ठेक्याइतका पक्का आहे, थोडा वेळ कान देऊन बसलं की बोट बरोबर पडतं. धाकट्या मुलाचा मात्र नाही. तो मधेच थांबतो, भांडं उजेडाकडे धरून बघतो.

२६ ऑक्टोबर, शनिवार. सरांकडे

पाच प्रिंट नेल्या. टेबलावर ठेवल्या आणि तोंड बंद.

पहिली: काकांनी हातोडी उचललेली, चेहरा अर्ध्या उजेडात. माझी लाडकी. आर्किटेक्ट मैत्रीण म्हणाली, नजर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. बँकेतले गृहस्थ म्हणाले, कॅलेंडर. आयटीतला मुलगा म्हणाला, कॅलेंडरवरची तारीख वाचता येतेय. माझ्या तोंडून "अहो पण" निघालं तसे सगळे हसले. चौकटीतला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात धारदार कडांचा चौकोन तोच, त्यावर छापील अक्षरं. नजर अक्षरांकडे धावतेच. पुढच्या वेळी एक पाऊल डावीकडे, बस. कॅलेंडर खांबामागे जाईल.

दुसरी दसऱ्याची. सर म्हणाले, "पूजा झालेली आहे. फोटोग्राफरला काही काम उरलेलं नाही." माझीच शंका, आणखी कमी शब्दांत.

तिसऱ्यावर जास्त वेळ गेला. ताज्या घडवलेल्या जगाचा जवळून फोटो. सगळ्यांचं एकमत की काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येईना. एकजण म्हणाला रंग कृत्रिम वाटतो. दुसरी म्हणाली पितळ वाटतं. सरांनी भिंग मागितलं. "या जगाच्या पोटात लाल काय आहे? तुम्ही त्या दिवशी लाल कुर्ता घातला होतात का?" घातला होता. "आणि ही मातकट पट्टी?" मला आठवेना. "जा आणि शोधा. तुम्ही अजून तांब्याचा फोटो काढलेलाच नाही. तांब्यासमोर जे जे उभं होतं त्याचा काढलाय. चकचकीत वस्तूचा दुसरा फोटो असूच शकत नाही, म्हणून समोर काय उभं करायचं ते ठरवायला शिका."

चौथी, पाचवी पटकन गेल्या. पाचवीतला १/५० चा फराटा आवडला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

सरांच्या सौ. नी बाकरवडी आणली. त्या प्रिंटांकडे एकदाच बघून म्हणाल्या, "सगळ्या फोटोत माणूस एकटाच दिसतो. तिथे तिघं काम करतात म्हणालात ना?" हे गटातलं कोणीच बोललं नव्हतं.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

ऑफिसहून परस्पर गेले. गिऱ्हाईकांची झुंबड, कामशाळेत पाय ठेवायला जागा नाही. मोठा मुलगा तराजूवर, धाकटा बिलं फाडतोय. फोटो न काढता पिशव्या भरायला मदत केली.

१० नोव्हेंबर, रविवार

मातकट पट्टी सापडली: शेजारच्या दारावरची पावसाळ्यातली निळी ताडपत्री, अजून उतरवलेली नाही. तांबं लाल-नारिंगी उजेड बराचसा परतवतं आणि निळा-हिरवा बराच गिळतं, त्याचा रंग त्यामुळेच तसा. म्हणून निळी वस्तू तांब्यात निळी दिसत नाही, चिखलासारखी दिसते. शेजाऱ्यांना विनंती केली, त्यांनी ताडपत्री गुंडाळली. "फोटोसाठी?" असं तीनदा विचारलं.

आजपासून राखाडी कुर्ता. कॅमेऱ्याचा पट्टा नारिंगी होता, तोही काढून टाकला.

आयटीतल्या मुलाने पोलराइझर फिल्टर दिला होता. पाण्यावरची, काचेवरची चमक त्याने मरते, हे खरं. तांब्यावर फिरवून फिरवून पाहिला, ढिम्म फरक नाही. उघड्या धातूवरून परतलेला उजेड तसा ध्रुवीकृत नसतोच, मग फिल्टर बिचारा काय अडवणार. त्याने अंधार मात्र दीड स्टॉपने वाढला (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). परत देऊन टाकते.

मग साधं काम. काकांच्या दाराचं तोंड उत्तरेला. समोरच्या घराची भिंत चुन्याची, पिवळट पांढरी. तिच्यावर ऊन आलं की कामशाळेत फिकट, पसरट उजेड येतो. त्या उजेडात गुळगुळीत भांडं सुंदर दिसतं: कडेला गडद, पोटात मऊ उजळ पट्टा. पण ज्यासाठी ही आळी ओळखली जाते ते मठारकाम (ठोक्याठोक्याने उमटवलेल्या खळ्या) त्याच उजेडात पुसलं जातं. का, ते कळायला वेळ लागला. मठारलेल्या भांड्यावरची प्रत्येक खळी हा छोटासा अंतर्गोल आरसा. समोर रुंद, सगळीकडून सारखा उजेड असेल तर प्रत्येक खळी सारखीच उजळते आणि शेजारणीत मिसळून जाते. खळ्या दिसायच्या तर उजेडाचा स्रोत अरुंद हवा, म्हणजे प्रत्येक खळीत एकच बारीक चमक आणि बाजूला अंधार.

काकांना विचारून दाराचं एक फळकूट लोटलं. दुसरंही अर्धं. वीतभर फट राहिली. कळशीवर एकदम शेकडो दारं उमटली, खळीखळीत एक. हेच मला हवं होतं. काका म्हणाले, "आम्हीपण असंच बघतो, ठोका चुकलाय का ते. दार अर्धं लावून."

म्हणजे कारागिराचा उजेड आणि माझा उजेड एकच निघाला. धाकटा मुलगा मधेच थांबून भांडं का फिरवतो तेही कळलं.

तांत्रिक नोंद: कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) तांब्याच्या बाबतीत फसवतो. तो सुखरूप दिसतो तेव्हा लाल वाहिनी (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) केव्हाच कापली गेलेली असते आणि भांड्यावर सपाट नारिंगी डाग पडतो, ज्यात नंतर काहीही करून तपशील येत नाही. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे लावून ठेवले. साधारण एक स्टॉप कमी, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), सावल्या नंतर उचलायच्या. पांढऱ्याच्या संतुलनासाठी (पांढरा पांढराच दिसावा म्हणून) दर वेळी राखाडी कार्ड एकदा दारात, एकदा ट्यूबखाली. ट्यूब शक्यतो बंदच.

१७ नोव्हेंबर, रविवार

आतापर्यंतच्या पोस्टकार्ड आकाराच्या वीसेक प्रिंट काढून काकांना नेऊन दिल्या. द्यायच्याच होत्या, त्यांच्या कामाचे फोटो माझ्या कपाटात का राहावेत. त्यांनी चष्मा पुसला, सगळ्या एकेक करून पाहिल्या आणि दोन गठ्ठे केले. मला वाटलं आवडलेल्या आणि न आवडलेल्या.

"हे आमचे फोटो आहेत," पहिल्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले. "आणि हे कामाचे." दुसऱ्या गठ्ठ्यात फक्त तीन.

मी विचारलं, काका, कसं ठरवलंत?

"ताई, तुम्ही सारख्या वरच्या हाताकडे बघताय. हातोडी एकाच जागी पडते. दिवसभर एकाच जागी. वरचा हात शिकायला सहा महिने पुरतात. भांडं फिरवतो तो खालचा हात. किती सरकवायचं, कुठे थांबायचं, ओळ वर कधी चढवायची, ते सगळं डाव्या हातात. तुमच्या फोटोत डावा हात अंधारात आहे नाहीतर कापलाय."

खरोखरच तसं होतं. उचललेली हातोडी, ताणलेला दंड, कपाळावरचा घाम: कामगाराचा फोटो म्हटलं की हेच डोळ्यापुढे येतं, कारण आपण असेच फोटो पाहत आलोय. गटानेही त्यावर बोट ठेवलं नाही, सरांनीही नाही. उजेड, पार्श्वभूमी, कडा यावर आमच्यातला कोणीही तासभर बोलेल. पण काम नेमकं कुठल्या हातात चाललंय हे कागदावरून सांगायला ते काम यावं लागतं. यापुढे सरांकडे जाण्याआधी प्रत्येक प्रिंट इथे दाखवायची.

मोठ्या मुलाने आणखी एक चूक दाखवली. एका प्रिंटमध्ये मी परात ऐरणीवर ठेवून, हातोडी बाजूला टेकवून मांडणी केली होती. "अशी परात ठेवली तर बाबा आधी मला ठोकतील." फाडून टाकली.

मग दुपारभर नुसता डावा हात. तो फोटोत यायचा तर मला काकांच्या डाव्या गुडघ्याशी जमिनीवर बसावं लागतं. तिथून चेहरा दिसत नाही, हनुवटी फक्त. चालेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार. सरांकडे

विधानसभेच्या निकालाचा दिवस. टीव्ही बंद ठेवायचा असं ठरलं आणि मोबाईल सगळ्यांचे हातात.

डाव्या हाताच्या चार प्रिंट आणि फटीतल्या उजेडातली कळशी. कळशीवर सर काही बोलले नाहीत, बाजूला ठेवली. त्यांच्याकडे बाजूला ठेवणं दोन प्रकारचं असतं. ही उजव्या बाजूची, म्हणजे पसंतीची.

डाव्या हातांवर मतं फाटली. बँकेतल्या गृहस्थांना चेहरा हवा होता. "कोणाचा हात ते कळायला नको?" मैत्रीण म्हणाली चेहरा आला की हात मागे पडतो. मी गप्प बसायच्या नियमाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी सर म्हणाले, सगळ्याच चौकटी हाताच्या केल्या तर हातांचा संग्रह होईल, आळी राहणार नाही. एकदोन ठेवा, बाकीच्यांत डावा हात उजेडात ठेवून मागे या. लांबून.

मग नेहमीचा सल्ला आला: सगळं कृष्णधवल करा. रंगाचे प्रश्न सुटतील, मालिका एकसंध दिसेल. आयटीतल्या मुलाने मोबाईलवर लगेच करूनही दाखवलं, आणि खरंच भारदस्त दिसलं. मला तरीही पटत नाही. रंग काढला की तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम एकाच राखाडीच्या पायऱ्या होतात. ज्या आळीचं नावच धातूवरून पडलंय तिथे मी धातू ओळखता येऊ नये असे फोटो का काढू? शिवाय भट्टीतून आलेलं, अजून लालसर असलेलं पत्रं, काळवंडलेलं पत्रं, चिंचेच्या पाण्याने धुतल्यावर गुलाबी झालेलं आणि ठोकून झाल्यावरचं, हे चार वेगळे रंग म्हणजे कामाचे चार टप्पे. तपवलं की तांबं मऊ पडतं, ठोकत गेलं की पुन्हा कडक होतं, म्हणून ते परत भट्टीत जातं. हा सगळा प्रवास फक्त रंगातूनच वाचता येतो. एरवी भारदस्त दिसण्यासाठी केलेलं कृष्णधवल ही मला पळवाट वाटते.

हे मी बोलून टाकलं. सर म्हणाले, "मग रंगाची जबाबदारी घ्या. प्रत्येक चौकटीत."

८ डिसेंबर, रविवार

आळीत न जाता शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले, कॅमेऱ्याशिवाय. दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासी' या कवीनेच, १९२० च्या सुमारास हा संग्रह सुरू केला; नाव त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दारं. मी मुद्दाम भांड्यांची बुडं बघत फिरले. जिथे रोजचा हात लागतो, तिथल्या खळ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, खांद्याखाली तशाच ताज्या. वापरलेलं भांडं आळीत मिळणार नाही. आईच्या माळ्यावरचा हंडा उतरवायला हवा. मालिकेत नव्या कळशीशेजारी तो एक.

१५ डिसेंबर, रविवार

पलीकडच्या गल्लीत कल्हईवाला बसला होता. भांडं तापवून नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवतो. कथिल २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. सगळं कल्हईचं काम या फरकावर चालतं. धुराचा फोटो समोरून उजेड असताना पांढरट पसाऱ्यासारखा येतो. त्याच्या मागे गेले, म्हणजे ऊन धुराच्या पलीकडून आणि पार्श्वभूमीला बंद दुकानाचं काळं दार. धुराचा प्रत्येक पदर वेगळा दिसला. नाकात गेला तोही दिवसभर राहिला.

हा एक फोटो मी कृष्णधवल केला. कथिल आणि धूर मुळातच बिनरंगी. आयटीतल्या मुलाला सांगणार नाही.

२२ डिसेंबर, रविवार

काल वर्षातला सगळ्यात लहान दिवस. साडेबाराच्या सुमाराला सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर, म्हणजे पुण्यात दुपारी जितका खाली येऊ शकतो तितका. समोरच्या भिंतीचा वरचा भाग लख्ख आणि तोच उजेड काकांच्या पाठीमागच्या भिंतीपर्यंत पोचलेला. जूनमध्ये इथे दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, तेव्हा या भिंतीला ऊन मिळणारच नाही. थंडी निवडली हे बरं झालं. लांबून, तिघे एकत्र, डावे हात उजेडात: आज मिळाला. सरांच्या सौ. ना हा आधी दाखवायचा.

२८ डिसेंबर, शनिवार. सरांकडे

आज प्रिंट टेबलावर नाहीत, जमिनीवर. चाळीसेक छोट्या प्रिंट सतरंजीवर पसरल्या आणि सगळे भोवती उकिडवे बसले. क्रम लावायचा.

मी कामाच्या क्रमाने लावलं होतं: पत्रं कापणं, तपवणं, धुणं, ठोकणं, विकणं. सरांनी दोन मिनिटं पाहिलं. "शाळेच्या तक्त्यासारखं झालंय. चौथ्या फोटोला पाचवा काय असणार ते कळतं." मैत्रिणीने सगळं उचलून उजेडाप्रमाणे लावलं, अंधारापासून उजळापर्यंत. ते दिसायला फार सुरेख आणि अर्थाला शून्य. अर्धा तास अशी उचलठेव चालली. दोन फोटो शेजारी आले की दोघांचाही अर्थ बदलतो, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. डाव्या हाताशेजारी आईच्या हंड्याचा झिजलेला काठ ठेवला तेव्हा बँकेतले गृहस्थही चेहऱ्याचं विसरले.

गळाले ते असे: हवेत हातोडी (तिन्ही), दसरा, भट्टीच्या ज्वाळा, भिंतीवरचं देवीचं चित्र. कळशीवरची शेकडो दारं राहिली. हातोडीतला पहिला फोटो, कॅलेंडरवाला, मला सोडवेना; त्याचं नंतर पाऊल सरकवून काढलेलं रूपही आहे, पण त्यात काकांचा चेहरा तितका जमलेला नाही. सर म्हणाले, "लाडका फोटो कसा सोडायचा हे कुणी शिकवू शकत नाही. दिवसभर उलटा ठेवा, संध्याकाळी आठवतोय का बघा."

(नंतरची नोंद:) दोन दिवस उलटा ठेवला. आठवत होता. तरी मालिकेतून काढला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

छपाईची चाचणी. लॅबमधून आलेल्या प्रिंटांत सगळं तांबं पिवळट, पितळेकडे झुकलेलं. कॅमेऱ्यात बरोबर, स्क्रीनवर बरोबर, कागदावर पितळ. लॅबच्या मशिनचं स्वयंचलित करेक्शन हे करतं: चौकटभर नारिंगी दिसला की त्याला तो रंगाचा दोष वाटतो आणि ते उलट्या बाजूला ढकलतं. करेक्शन बंद ठेवून छापा, असं पाकिटावर लाल पेनाने लिहून दिलं, तोंडानेही सांगितलं. दुसऱ्या खेपेला बरोबर. सोबत एक तांब्याची वाटी नेली होती, काउंटरवर शेजारी ठेवून रंग ताडून पाहिला. मॅट कागदच ठेवला. चमकदार कागदावर चमकत्या धातूचा फोटो म्हणजे दिव्याखाली काहीच दिसत नाही. मॅटवर काळा थोडा फिका पडतो, तेवढं सोसते.

२५ जानेवारी, शनिवार. सरांकडे

बारा प्रिंट, क्रमाने. कुणी फारसं बोललं नाही. आठव्या प्रिंटवर (गिऱ्हाइकाचा हात, वजनकाटा) दोघांची नजर अडखळली. माझीही अडखळते, पण ती काढली तर विक्रीचा एकही फोटो उरत नाही आणि आळी नुसतं हस्तकलेचं प्रदर्शन वाटू लागते. ठेवली. धुराच्या कृष्णधवल फोटोवर अपेक्षेप्रमाणे आयटीतल्या मुलाने टाळी वाजवली.

सर म्हणाले, घोले रोडच्या कलादालनाची तारीख विचारून बघा. विचारते. घाई नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अख्खा संच आळीत नेला. काकांनी पुन्हा गठ्ठे केले. या वेळी कामाचा गठ्ठा मोठा. मग तिसरी प्रिंट हातात धरून म्हणाले, "याच्याखाली माझं नाव नका लिहू. हे धाकट्याचं काम आहे. ओळी बघा, त्याची ओळ वर चढताना जरा सैल पडते." चेहरा नसलेल्या फोटोत, फक्त खळ्यांवरून. धाकट्याने मान्य केलं, थोड्या नाखुशीने.

मोठ्या मुलाला दुकानाच्या कॅटलॉगसाठी फोटो हवे आहेत: जग, तांबे, वाट्या, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, साधे. किती घेणार असं त्याने विचारलं. प्रत्येक फोटोला पैसे नकोत, पण एक मठारलेली कळशी घडवताना पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत शेजारी बसू द्यायचं, असं ठरलं. कॅटलॉगला भिंतीचा उजेड आणि फटीतला उजेड दोन्ही लागतील, गुळगुळीत मालाला एक आणि मठारलेल्याला दुसरा. दारावर ताणायला बटर पेपरचा रोल, दोन पांढऱ्या चादरी, चिमटे आणि राखाडी कुर्ता. पुढच्या रविवारी नऊला.